बिनपायरीची मोटार

सगुणाबाईवर अन्याय झाला. लढाई संपली त्या हिवाळ्यात, पौषातल्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, सकाळच्या उन्हात, बुलढाण्याच्या मोटार स्टँडवर, चारचौघांदेखत झाला. सगुणाबाई देऊळघाटची. नवऱ्याबरोबर मळा करते, वांगी-मेथी पिकवते, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात आणते. आणते असं लिहिलं, ते आता आणत होती असं वाचावं. त्या दिवशी मोटारीच्या मागच्या दारातून उतरताना ती पडली, खुब्यापाशी हाड मोडलं, आणि ते पुन्हा नीट बसलं नाही. घरातल्या घरात चालायला तिला आज भिंत धरावी लागते.

याला लोक अपघात म्हणतात. मी म्हणत नाही. वीज पडली तर अपघात. ही मोटार काही आभाळातून पडली नव्हती. तिची फळी न् फळी माणसांनी बोलून, भांडून, परवडतं-न परवडतं बघून ठरवली होती, आणि मी त्या बोलण्याच्या वेळी शेजारच्या भिंतीला पाठ लावून बसलेला असे.

अन्याय आणखी एकावर झाला. त्या मोटारीची बॉडी बांधणाऱ्या मिस्तरीवर. पण त्यातला अर्धा त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःवर करून घेतला, म्हणून वर त्याला पहिला मान दिला नाही. नावही देत नाही. सगळे त्याला मिस्तरीच म्हणत, आणि दुसऱ्या कुणाला त्याच्यासमोर मिस्तरी म्हटलेलं त्याला खपत नसे. सुतार, लोहार, पेंटर हे सगळे त्याच्या लेखी 'मदतीची मानसं'.

बुलढाण्यात त्याच्या कारखान्याला लागून माझी खोली होती. कारखाना म्हणजे एक लिंबाचं झाड, त्याखाली कुडाचा मांडव, आणि मांडवाखाली नेहमी एक उघडीनागडी मोटार. कंपनीकडून तेव्हा माल वाहायच्या गाडीची नुसती चासी येई: चाकं, इंजिन, ड्रायव्हरपुढचं तोंड आणि मागं लोखंडाचा लांब सांगाडा. त्यावर माणसं बसवायची तर लाकडाची आणि पत्र्याची बॉडी इथेच चढवावी लागे. मलकापूरच्या रेल्वेवरून ती चासी घाट चढून वर येई तेव्हा तिच्यावर ड्रायव्हर एकटा, खोक्यावर बसलेला. मिस्तरी रस्त्यात उभा राहून तिच्याकडे बघे आणि म्हणे, "आली बापा, वरमाय येच्या अदुगर नवरी आली. इले आता कपडे मीच नेसवतो."

नम्रपणा त्याच्या अंगात औषधालाही नव्हता. मी त्याच्या शेजारी पत्रकं लिहीत बसे. मजुरांची, शाळेच्या फीची, पाण्याच्या नळाची. तो येता-जाता वाकून बघे.

"काय लिवून राह्यला बे?"

"नळाबद्दल."

"लिव. कागदाले काय, ना चाक, ना भार. नदीत घातला त वरच तरंगते."

मी चिडे. तो बिडी मागे.

टेपानं मोजायला त्याचा सक्त विरोध होता. मोजमाप त्याच्या गुडघ्याचं, कोपराचं आणि वितीचं. एकदा नागपूरहून आलेल्या एका शिकलेल्या मोटारवाल्यानं त्याला स्टीलचा टेप भेट दिला. मिस्तरीनं तो उघडला, पाह्यला, मिटला. "चांगला हाये. पन यानं कदी लुगडं नेसलं हाये काय?" म्हणाला, आणि टेप पोरांना खेळायला देऊन टाकला. पुढं त्याच गाडीची खिडकी टपाच्या कडेला वाकडी बसली, दोन वेळा काढून पुन्हा ठोकावी लागली, आणि टेप वापरला असता तर बसली असती. हे त्याला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर तो दिवसभर जेवत नसे.

मोटारीत तो बसत नसे. मागच्या बाजूला, टपावर चढायच्या शिडीला धरून, तिच्या खालच्या दांड्यावर उभा राहून जाई. आत सांधे वाजतात कुठं ते ऐकायचं असे त्याला. क्लीनर तिकीट मागे.

"मी आत हाये काय बे?"

"आत नाई, पन गाडीवर त हायेत ना, मिस्तरी."

"गाडीवर नाई. माह्या लाकडावर हावो. तू चाकाचं तिकीट माग, लाकडाचं मागू नको."

दुसऱ्याची मोटार स्टँडवर उभी दिसली की मालकाला न विचारता तिच्याखाली शिरे. बाहेर नुसते दोन तळपाय दिसत. कितीदा तरी ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकले आहेत.

मोटारीच्या रूपाबद्दल लोक जे बोलतात ते ऐकून त्याला हसू येई. त्याच्या बॉडीचं बूड मागच्या चाकापासून शेपटीपर्यंत तिरपं वर उचललेलं असे. स्टँडवरची तरणी पोरं म्हणत, काय नखरा आहे, बदकासारखी डौलदार दिसते. नखरा कसला? देऊळघाटच्या रस्त्यानं नदी लागते. मोटार पाण्यात उतरून पलीकडचा चढ चढू लागली की सरळ बुडाची शेपूट दगडाला घासते. म्हणून त्यानं ती कापली. शेपूट लांब करून आणखी एक बाक घालावा असं प्रत्येक मालकाला वाटे, आणि प्रत्येकाला तो एकच उत्तर देई: "मागं मानसं वाढवली की म्होरलं तोंड हलकं होते. घाटात चाक इकडं फिरवान, गाडी तिकडं जाईन. मंग मले इचारू नका." खिडक्यांना काच नाही, किरमिचाचे, म्हणजे जाड कापडाचे, पडदे, कारण काच खड्ड्यात टिकत नाही आणि इथं मिळत नाही. सगळ्या मोटारी खोक्यासारख्या चौकोनी, कारण, "पत्रा म्हंजे पापड. एकीकून वाकवला त वाकते. दोहीकून वाकवला त फाटते." ज्याला आपण रूप म्हणतो ते त्याच्या लेखी रस्त्यानं, भारानं आणि मालकाच्या कंजूषपणानं ठोकून ठोकून दिलेला आकार होता.

एक सोडून. कपाळ.

ड्रायव्हरपुढच्या काचेवर पत्र्याची एक पुढं झुकलेली पट्टी असते. काम एवढंच, की सकाळची मोटार उन्हाच्या तोंडावर चालते तेव्हा ड्रायव्हरच्या डोळ्यावर सावली पडावी. सपाट पत्रा लावला तरी भागतं. पण मिस्तरी ती दोन्हीकडून गोल करी. बाभळीच्या बुंध्यावर वाळूची पिशवी ठेवून, लाकडी मोगरीनं, पत्रा न फाडता. आठवडा आठवडा. तेवढ्या वेळात त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. झालं की तो रस्त्यापलीकडे जाऊन उकिडवा बसे आणि बघत राही. "पाह्य," मला म्हणे, "पुऱ्या वऱ्हाडात असं कपाळ दाखव." मी एकदा म्हटलं, याचा उतारूंना उपयोग काय? तो म्हणाला, "तुह्या नाकाचा तुले जेवढा."

पण हाच माणूस एक म्हण नेहमी सांगे, आणि ती मी विसरलो नाही. "मोटार तोंडानं खपते आन् पायरीनं समजते."

पायरीचं सांगायला हवं. मालाच्या गाडीची चासी उंच असते, कारण खाली दगड, चाकोऱ्या, नदी. तिच्यावर बॉडी बसवली की मागचं दार धडधाकट पुरुषाच्या मांडीच्याही वर जातं. पुढं ड्रायव्हरशेजारच्या सीटला कंपनीनंच बसकी पायरी दिलेली असते. तिथं वकील बसतात, शिक्षक बसतात, मोटार पास करायला येणारे साहेब बसतात. साहेब ब्रेक बघतात, दिवे बघतात, हॉर्न वाजवतात आणि त्याच बसक्या पायरीनं उतरून चहाला जातात. मागच्या दाराशी कोण असतं? टोपलीवाल्या. म्हाताऱ्या. कडेवर पोर असलेल्या. त्यांनी चढायचं कसं हे कोणत्या साहेबानं चढून बघितलं, मला एक दाखवा.

मिस्तरी बघे. आपल्याकडे नव्या मोटारीची ओटी भरतात, जशी नव्या नवरीची. पाच सवाशिणी येतात, रेडिएटरला खण-नारळ बांधतात, तांदूळ टाकतात आणि मागून चढून आत क्षणभर बसून उतरतात. मालकांच्या दृष्टीनं ती पूजा. मिस्तरीच्या दृष्टीनं ती तपासणी. तो मागच्या चाकाशी उकिडवा बसे आणि सवाशिणींचे पाय निरखी. लुगडं कुठवर उचलावं लागतं, अंगठा कुठं ठेचतो, हात कशाला धरायला जातो. कोळशाच्या तुकड्यानं फळीवर खुणा करी आणि त्या खुणांवरून पायरी खालीवर करी. एका म्हातारीनं त्याला यावरून चांगलाच झापला होता.

"काय पाहून राह्यला रे मेल्या?"

"पाय, आजी."

"लाज नाई वाटत?"

"तुमचा नाई वो. मोटारीचा पाय कुठं असावा थे पाहून राह्यलो."

आता ती मोटार. मालक देऊळघाटचे, मोठ्या शेतीचे. बालाजीच्या यात्रेच्या आत गाडी देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागली पाहिजे अशी घाई, कारण दुसऱ्या सर्व्हिसची नवी गाडी आधीच लागलेली. लढाईनं लोखंड बाजारातून नाहीसं झालेलं. मिस्तरीनं जुन्या बंडीच्या चाकाची लोखंडी धाव मिळवली, ती तापवून, चिरून, मोडती पायरी केली. बिजागरीवर झुलणारी, साखळीची. थांब्यावर खाली सोडायची, निघताना उचलून अडकवायची. मांडवात ती त्यानं मला वरखाली करून दाखवली. कपाळाएवढं नाही, पण कौतुक होतं त्याला.

मालक आले, पायरी बघितली, आणि म्हणाले ही धाव पुढच्या दिव्यांच्या कठड्याला वापरा.

"पायरी अदुगर, मालक. कठडं मंग."

"अरे, पायरी तुटते. मागच्या गाडीची दोनदा नदीत गेली."

"थे लटकती होती. हे मोडती हाये. उचलली की पोटाले चिकटते. तुटन काऊन?"

"आन् उचलन कोन?"

"क्लीनर."

"क्लीनर टपावरचं सामान पाह्यन का पायरी पाह्यन? इसरला त? खेप बुडली त तू भरशीन?" मग मालक जरा मऊ झाले. "मिस्तरी, असं पाहा. स्टँडवर दोन गाड्या उभ्या हायेत. मानूस कोन्त्या गाडीत बसते? जिचं तोंड चांगलं थिच्यात. वाकून पायरी कोन पाह्यते? तुमचं कपाळ हाये, त्याच्याखाली चमकतं कठडं पाह्यजेन. पायरी पुढच्या खेपेले लावू."

मालक खोटं बोलत नव्हते, याचाच मला जास्त राग येतो. बसताना तोंड बघणारे आपणच आहोत. मिस्तरी भांडला, शिव्या दिल्या, मोगरी फेकली. पण पायरीच्या बिजागऱ्या आणि बाजूच्या दोन पट्ट्या त्याच्या डोळ्यांदेखत निघाल्या आणि त्यांचं कठडं झालं. पाय ठेवायची लाकडी फळी आणि साखळी तेवढी लिंबाखाली पडून राहिली. कपाळाखाली कठडं खरंच शोभून दिसत होतं. त्यानंही ते रस्त्यापलीकडे बसून बघितलं.

ओटी देऊळघाटला मालकांच्या दारात झाली. बुंदी होती, म्हणून मीही गेलो होतो. पाच सवाशिणींत सगुणाबाई होती. तिनं त्यापूर्वी मोटारीला हात लावलेला नव्हता. मिस्तरी चाकाशी बसला, कोळसा हातात. त्याचा डाव मला माहीत होता: बाया चढताना अडखळतील, सगळं गाव बघेल, आणि मालकांना पायरी लावावीच लागेल.

तेवढ्यात मालकीणबाई आतून पाट घेऊन आल्या. चांगला जाड सागवानी पाट. खाली आणखी एक पाट. भोवती रांगोळीची रेघ.

"पाट उचला," मिस्तरी म्हणाला.

"काऊन? सवाशिनी हायेत. मातीतून टांगा टाकत चढतीन काय?"

"मले त्यायचे पाय पाहू द्या."

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. एक वडीलधारे म्हणाले, "मिस्तरी, शुभ कामात उलटं बोलू नये." आणि बाया एकेक करून पाटांवरून चढल्या, लुगड्याला धक्का न लागता, देवळाच्या ओट्यावर चढाव्या तशा. उतरल्याही तशाच. सगुणाबाई म्हणाली, "बरी हाये वं माय मोटार. घरावानी."

ह्या आपल्या माणसांचं मी काय करू? मान दिला, मनापासून दिला, आणि त्या मानानंच खोट झाकली. पाट घरी राहिला. मोटार रस्त्याला लागली.

मिस्तरी उठून ओरडणार असं मला वाटलं. पण मालक फेटा घेऊन पुढं झाले. केशरी, जरीच्या काठाचा. सगळ्या गावासमोर म्हणाले, असं कपाळ पुऱ्या वऱ्हाडात नाही. आणि बांधला त्याच्या डोक्याला. मिस्तरीच्या हातातला कोळसा कुठं पडला ते मी पाह्यलं नाही. परत येताना तो पायी चालत होता, दोन्ही हातांनी फेटा सांभाळत.

पुढं दोन-तीन महिने गाडी चालली. पुरुष उड्या मारत. बाया एकमेकींना ओढून घेत. पायरी मागायला मालकांचं दार कुणी ठोठावलं नाही.

पौषात सगुणाबाईचा गुडघा धरला होता, म्हणून ती त्या दिवशी पायी न येता मोटारीनं आली. देऊळघाटला गाडी पाराला लागून उभी राहते, पाराच्या दगडावरून ती सहज आत गेली. बुलढाण्याच्या स्टँडवर पार नाही. मी तिथं पत्रकं वाटत होतो. मी तिला दारात येताना बघितलं. डोक्यावर टोपली, म्हणजे खाली बघता येत नाही. तिनं एक पाय खाली सोडला. सावकाश. मग थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, अंगणात चप्पल चाचपावी तसा. मला तेव्हा कळलं नाही ती काय शोधते आहे. मग तिनं भार टाकला. आधी वांगी घरंगळली, मग ती.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच मंडळी बसली. दोन वकील, दुसऱ्या सर्व्हिसचे मालक, ड्रायव्हर, सगुणाबाईचा नवरा. मालक म्हणाले, "बॉडी मी बांधली काय? मिस्तरीले इचारा." मिस्तरी आला तो तोच फेटा बांधून. मी त्याच्या कानाशी म्हटलं, सांगा, पायरी झाली होती, ती मोडून कठडं केलं. एवढंच सांगा. फळी अजून लिंबाखाली आहे, मी आणून दाखवतो.

तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "गाडी माही हाये. माह्या गाडीत मालकाचं काई चालत नाई."

"म्हणजे पायरी नाही ती तुमच्या मनानं?" वकिलांनी विचारलं.

"माह्या गाडीत जे हाये थे माह्या मनानं. जे नाई थेबी."

झालं. मंडळी उठली. मी धाव-कठड्याचं बोललो, तर मला पत्रकवाला पोरगा म्हणून बसवलं. सगुणाबाईचा नवरा मिस्तरीच्या अंगावर थुंकून गेला.

मी त्याला लिंबाखाली गाठलं. इतका राग मला मालकांचाही आला नव्हता.

"असं काऊन बोलला तुमी?"

"मंग काय सांगू?" तो म्हणाला. "माह्या गाडीचं लोखंड दुसरा काढून नेते, आन् मी फेटा बांधून उभा राह्यतो? हे सांगू पंचाईतीत?"

संध्याकाळी तो देऊळघाटला गेला. मी बरोबर होतो. सगुणाबाई खाटेवर होती. तिचा नवरा दारातून हलेना, तिनंच आतून सांगितलं, येऊ द्या. मग ती म्हणाली, जणू तिचीच चूक असावी तशी, "मले वाटलं मोटारीले पाट असते. तवा होता ना."

मिस्तरी खाली बसला. पाया पडतो की काय, असं मला वाटलं. त्यानं खाटेच्या पायाला कोपर लावून बघितलं. "खाट उंच हाये. उतरताना तरास होते काय, बाई?"

"होते."

त्यानं करवत मागितली. नवरा म्हणाला, "अवो, थे खाट माह्या सासऱ्यानं देल्ली हाये." मिस्तरीनं ऐकलं नाही. खाट एकेका कोपऱ्यानं उचलून धरायला लावली, तिच्यासकट, आणि चारी पाय कापले. मग तिचा धड पाय जमिनीला टेकतो का ते बघितलं. टेकला. फेटा तिथं राहिला की वाटेत, मला सांगता येणार नाही; परतताना डोक्याला नव्हता.

त्यानंतर कुणी त्याला चासी दिली नाही. बाया पाडणारा मिस्तरी, असं नाव झालं. देऊळगाव राजाच्या पलीकडे, हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात जालन्याकडे तो गेला, आणि तिथं बैलांच्या दमण्या, म्हणजे माणसं बसायच्या छोट्या गाड्या, बांधतो असं ऐकतो. दमणी बसकी असते.

मोटार चालू आहे. यंदा तिला नवा रंग दिला, कपाळावर दोन मोर काढले. लोखंड पुन्हा मिळू लागलं, म्हणून मी ती जुनी फळी आणि साखळी खांद्यावर घालून मालकांकडे गेलो. म्हटलं, बिजागऱ्या आणि पट्ट्या तेवढ्या लावा. त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला, चांगलं बोलले. मग म्हणाले, "लावतो ना. पन कोनी मागते काय?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे.

पुढच्या बाजारी स्टँडवर जाल तेव्हा मोटारीच्या तोंडाशी थांबू नका. मोर बघू नका. मागं जा आणि दाराखाली बघा. पायरी नसेल तर चढू नका, तिकीट काढू नका, आणि तुम्ही पुढच्या सीटचे असाल तर उतरून मागं येऊन उभे राहा. कुणी भला माणूस खोकं सरकवील, हात देईल, एखादी माउली घरातून पाट आणील. त्यांना नमस्कार करा आणि पाट परत पाठवा. पायरी मागा.